उशीची गार बाजू

पाचवा पाहुणा बुटाचे बंद सोडायला उंबऱ्याशी वाकला तेव्हा त्याच्या डाव्या कानाची फाटकी पाळी मला दिसली आणि हातातला कपांचा ट्रे मी परत ओट्यावर ठेवला. कान काय, कुणाचाही फाटतो. आमच्याकडे गळाने फाटलेले कान, बोटं, ओठ गल्लोगल्ली सापडतील. पण या कानातला गळ मी स्वतः काढला होता, पकडीने त्याचं टोक तोडून, आणि तो काढताना सात वर्षांचा रमीझ माझ्या मांडीवर ओरडत मुतला होता. तो कोमट ओलावा आणि त्याचा वास आठवायला मला काही कष्ट पडत नाहीत. पांढरी अर्धी विजार, काळा चष्मा, टोपी, छातीवर रिसॉर्टची निळी चिकटपट्टी, सुटलेलं पोट; यातलं काहीएक माझ्या ओळखीचं नव्हतं. कान तेवढा ओळखीचा होता. अकरा वर्षं जो मला फोनवर सांगत आला की ताई, रजा मिळत नाही, तो माझा धाकटा भाऊ माझ्याच दारात पर्यटक होऊन आला होता. बूट काढून सरळ होताना त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बाकीचे चौघे हसले होते तसाच दात दाखवून हसला.

दर मंगळवारी आणि शनिवारी शुकुरी माणसं घेऊन येतो. शुकुरी पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा. आता जगाचा भूगोल रोज होडीत बसून त्याच्याकडे येतो. रिसॉर्टच्या बेटावरून दुपारी माणसं आमच्या राजधानीत, मालेत, आणायची, मासळीबाजार दाखवायचा, जुनी मशीद दाखवायची आणि शेवटी खऱ्या मालेकराच्या घरी चहा पाजून साडेपाचच्या होडीने परत पाठवायची. खरी मालेकर म्हणजे मी, झुलेखा, आणि घर म्हणजे जंबूगे, जांबाचं झाड तोडून तीस वर्षं झाली तरी त्याच नावाने ओळखलं जाणारं, चार बाजूंच्या दहामजली इमारतींच्या बुडाशी चेपून बसलेलं. आमच्या शहरात माणसाला आधी विचारतात, कुठलं घर? मग नाव. येणारी माणसं मासळीबाजारातून आलेली असतात. तिथल्या लाद्यांवरचं रक्त त्यांच्या बुटांच्या तळांना लागलेलं असतं, नाकं अजून आक्रसलेली असतात, आणि बूट काढले की घामेजलेल्या पावलांचा जो वास सुटतो तो मी माझ्या वाट्याला उरलेल्या दोन खोल्यांत रात्रीपर्यंत सांभाळते. त्यावर कडी म्हणजे ते उन्हाचं क्रीम. जन्मात नारळ न पाहिलेल्या कुणीतरी केलेला नारळाचा वास. त्यांच्या मानेवर, कोपरांवर, कानांच्या मागे ते पांढरं फासलेलं असतं आणि ते बसून गेले की माझ्या जोलीच्या, त्या काथ्याने विणलेल्या बाकड्याच्या, दोऱ्यांना, कपांच्या कानांना, दाराच्या कडीला तो चिकट वास राहतो. मला त्याची शिसारी येते. शिसारी मला या शहराचीही आहे. डोक्यावर टपकणारं एसीचं पाणी, छत्री उघडता येत नाही इतक्या अरुंद गल्लीत एकमेकांना घासून जाणाऱ्या मोटरसायकली, वरच्या मजल्यावरच्या माणसाची सकाळची गुळणी, खालच्या गटाराची ढेकर, समुद्र म्हणून जो काही उरलाय त्यात तरंगणारे लंगोट आणि बाटल्या. पण ती शिसारी माझी आहे, मी ती पोटाशी धरून वाढले. बाहेरच्याने येऊन तिचा फोटो काढावा हे मला सोसत नाही, आणि तरी आठवड्यातून दोनदा मी दार उघडून उभी राहते.

सगळे आत आल्यावर शुकुरी ओट्याशी आला आणि हळूच म्हणाला, "मावशी, सगळे एकाच कचेरीतले आहेत. कंपनीने बक्षीस म्हणून सहल दिलीय. ती लाल बाई, डोना, ती त्यांची साहेबीण. आणि तो टोपीवाला सावळा आहे ना, तो आपल्या शेजारचा निघाला, केरळातला. रॅमी म्हणतात त्याला."

"केरळातला म्हणून त्याने सांगितलं?"

"मीच विचारलं धक्क्यावर. चेहरा आपल्यासारखा वाटला म्हणून. तर नाही म्हणाला, जन्म केरळातला. पण माणूस बरा. बाजारात बाकीचे नाक दाबून पळाले, हा एकटा मासे कापणाऱ्यासमोर थांबून बघत राहिला."

मी चहा गाळायला घेतला. केरळातला. म्हणजे मला एक भाऊ होता तो केरळात जन्मला, कुठल्यातरी नारळीखाली, कुठल्यातरी दुसऱ्याच बाईच्या पोटी, आणि माझ्या मांडीवर जो मुतला तो कुणी दुसराच. मासे कापणाऱ्यासमोर तो का थांबला हे शुकुरीला काय कळणार. आमचे बाबा त्याच लाद्यांवर चाळीस वर्षं बसले, टुनाची पाठ सुरीच्या चार घावांत उतरवायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन कितीही अंग घासलं तरी त्यांचा हात पुढे आला की रमीझ तोंड फिरवायचा. बघायचं होतं त्याला. बघायचं होतं, पण दिसायचं नव्हतं. होडीत बसताना पोट दुखतंय म्हणाला असता तर रिसॉर्टच्या पाण्यावरच्या त्या थंडगार खोलीत दिवसभर लोळता आलं असतं, कुणी अडवलं नसतं. ही माणसं चहाला कुठे जाणार हे मात्र त्याला ठाऊक असणं शक्य नव्हतं. माझ्या घरी गोरी माणसं येऊन जोलीत बसतात हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. फोनवर मी आरामात असते, लेक रौफा नर्स आहे, तिचं उत्तम चाललंय, जागा ऐसपैस आहे. तो तिकडून थापा मारत होता आणि मी इकडून. तेव्हा गल्लीच्या तोंडाशी शुकुरी वळला असेल, मग दुसऱ्यांदा वळला असेल, मग लोखंडी दाराशी थांबला असेल, आणि तेव्हा कुठे याला कळलं असेल. तरीही त्याला बाहेर थांबता आलं असतं. तो आत आला, कारण मला दिसत नाही अशी त्याची समजूत होती.

हे माझ्या लक्षात आलं ते त्याच्या निर्धास्त बसण्यावरून. गेल्या पावसाळ्यात मी त्याला फोनवर सांगितलं होतं की डोळ्यांत धुकं भरलंय, समोर रौफा उभी असली तरी नुसता ठिपका दिसतो, फेब्रुवारीत त्रिवेंद्रमला मोतीबिंदू काढायचं ठरलंय. तो म्हणाला, करून घे ताई, काळजी घे. फेब्रुवारीत एक डोळा झाला, मार्चमध्ये दुसरा. पट्टी सोडली त्या दिवशी मला डॉक्टरच्या नाकातले केस दिसले आणि मी हसले. रमीझचा फोन त्यानंतर सहा वेळा आला. हवा कशी आहे, रौफाची बदली झाली का, तिकडे पाऊस आहे का. डोळ्यांचं काय झालं हे त्याने एकदाही विचारलं नाही, आणि मीही हट्टाला पेटले, विचारील तेव्हाच सांगेन म्हटलं. नाही विचारलं. आणि आता तो माझ्यापासून तीन हातांवर, मी आंधळी आहे या भरवशावर, चष्मा काढून, टोपी गुडघ्यावर ठेवून, माझं तोंड निरखत बसला होता. चोराने झोपलेल्या घरात शिरून निवांत भांडी बघावीत तसा. मी नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे भिंतीवर लावली आणि चाचपडत कप पुढे केला. हे मी का केलं ते मला अजून कळत नाही. डोळे नसल्याचं सोंग त्याला हवं होतं, आणि लहानपणापासून त्याला हवं ते मी देत आले होते.

कप घेताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. मऊ, फुगलेली, क्रीम लावलेली बोटं.

बशीत बजिया होत्या आणि टुनाचे तळलेले गोळे, ज्यांना आम्ही गुल्हा म्हणतो. डोनाने ओल्या कागदाने आधी कपाची कड पुसली. त्याचं मला आता काही वाटत नाही. पहिल्या वर्षी वाटायचं, तेव्हा ते गेल्यावर मी सगळे कप उकळत्या पाण्यात टाकायची, त्यांच्या तोंडाची घाण त्यांच्याच नावाने धुवायची. एका म्हाताऱ्याने गुल्हा दोन बोटांत धरून वास घेतला आणि परत ठेवला. दोन तरुण मुलींनी एकेक घास खाऊन डोळे मोठे केले. आणि माझ्या भावाने, जो गुल्हा म्हटलं की शाळेतून पळत यायचा, आतलं खोबरं आधी चोखून मग वरचं कवच खायचा, त्याने अर्धा गुल्हा चावला, थांबला, कागदी रुमाल तोंडाशी नेला, आणि चावलेला घास त्यात काढून रुमालाची गोळी मुठीत धरली. मी पाहिलं. मग त्याने ती गोळी कुणाचं लक्ष नाही असं बघून जोलीखाली सरकवली. बाबांच्या हाताचा वास त्याला सोसायचा नाही, आता माझ्याही हाताचा सोसेना. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, एवढं तरी व्हायचं; इथे खाऊन थुंकलं होतं.

चहा झाला की शुकुरी त्यांना आतल्या खोलीत नेतो. तिथे पलंग आहे. हीच या सहलीची खरी करामत, कारण मशिदी जगात पुष्कळ आहेत, पण या पलंगाची गोष्ट शुकुरी रंगवून सांगतो. साडेतीन फूट रुंद, शिसवीचा, आजोबांच्या वेळचा. आमच्या लहानपणी घरातल्या बाकीच्या तीन खोल्यांत दूरच्या बेटांवरून आलेले नातेवाईक राहायचे. कुणाचं पोर शाळेला, कुणाची सासू इस्पितळाला, आणि त्यांना जागा नाही म्हणण्याची रीत आमच्यात नव्हती. उरलेली ही एक खोली आणि हा एक पलंग. गोदामावर पहारा करणारा मामा सकाळी येऊन त्यावर झोपायचा. दुपारी आई. संध्याकाळनंतर मी आणि रमीझ, आणि बाबा कामाचं आटोपून आले की आम्हा दोघांना खाली चटईवर ढकललं जायचं. आई पुढे बाबांपासून वेगळी झाली, तिने तिसरं लग्न केलं आणि दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली; त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पण मी चौदाची होते आणि रमीझ तीनचा, आणि तो मागे राहिला तो माझ्या वाट्याला. दुपारची वेळ रिकामी झाली ती एका चुलत काकाने घेतली. पलंग कधीच थंड झाला नाही. आपण आडवं व्हायचं ते दुसऱ्याच्या उबेत, त्याच्या घामाच्या नकाशावर, त्याच्या डोक्याच्या तेलात. मला त्या उबेची इतकी किळस होती की मी श्वास रोखून पडायची. रमीझ तर पाच वर्षांचा असताना मामाच्या उशीवर ओकला. त्या दिवशी मी घरातल्या सगळ्या मोठ्यांना, सोळा वर्षांची पोरगी मी, सांगितलं की उठणाऱ्याने उशी उलटवून ठेवायची. येणाऱ्याला गार बाजू मिळाली पाहिजे. ते हसले, पण ऐकलं. पुढे सवयच झाली. मामा अर्धवट झोपेत उठायचा, पण हात आपोआप उशीकडे जायचा. रौफाला मी तेच शिकवलं. ती रात्रपाळी करून सकाळी झोपते, मी रात्री, आणि आमच्या घरात आजही उशीची गार बाजू वर असते.

शुकुरीने गोष्टीला सुरुवात करायला घसा साफ केला तेव्हा मी म्हटलं, आज मी सांगते, तू नुसतं त्यांच्या भाषेत कर. तो चकित झाला, कारण दोन वर्षांत मी कोपऱ्यात उभी राहण्यापलीकडे काही केलं नव्हतं. मी पलंगाच्या डोक्याशी बसले आणि भिंतीकडे बघत बोलले. मी म्हटलं, इथे माझा भाऊ वाढला. त्याला दुसऱ्याच्या अंगाची ऊब सोसायची नाही, म्हणून त्याच्या वेळेआधी मी अर्धा तास ओल्या फडक्याने चादर पुसायची. त्याला शाळेत मासळीवाल्याचं पोर म्हणायचे, म्हणून मी त्याचा सदरा लवंगांच्या डब्यात ठेवायची. शुकुरी भाषांतर करत गेला, पण अर्धवट, कारण त्यालाच गोष्टीत रस यायला लागला होता. तो मध्येच थांबून म्हणाला, "मावशी, तुम्हाला भाऊ आहे? कधी बोलला नाहीत."

"आहे. ऑस्ट्रेलियात असतो."

हे त्याने भाषांतर करताच खोलीत एकदम गलका झाला. डोनाने छातीवर हात ठेवला. ते सगळे तिथलेच की. कुठलं शहर, काय काम, नाव काय, कदाचित ओळखीचा निघेल. शुकुरी हे सगळं आनंदाने माझ्यापुढे मांडत होता आणि मला समोर, नजरेच्या कडेला, रमीझचे पाय दिसत होते. मोजे घातलेले पाय, जमिनीला खिळलेले. एक शब्द पुरे होता. नाव सांगितलं असतं, कान दाखवला असता, किंवा नुसतं कोक्को म्हटलं असतं, म्हणजे धाकट्या, जे मी त्याला जन्मभर म्हणत आले, आणि तो ज्या माणसांत रॅमी होता त्या माणसांत त्याची कातडी सोलली गेली असती. शब्द जिभेवर आला होता. त्याची चव मला लागत होती. आणि त्याच क्षणी मला दिसलं की त्याची बोटं विजारीच्या शिवणीशी खेळतायत, बाबा काठी शोधत असताना खेळायची तशी.

"विसरले शहराचं नाव," मी म्हटलं. "म्हातारी झाले. त्याला रजा मिळत नाही एवढं ठाऊक आहे."

शुकुरीने ते सांगितलं. मग डोना बराच वेळ हात हलवत बोलली आणि ते हसले. शुकुरीही हसला. "मावशी, बाई म्हणतात की असा कसा तुमचा भाऊ. त्यांच्या कचेरीत असता तर त्यांनी स्वतः त्याचा कान धरून तुमच्याकडे आणून सोडला असता."

सगळे हसत होते. माझा भाऊही हसला. इतरांपेक्षा किंचित उशिरा, पण हसला, आणि हसताना डोनाकडे पाहून मान हलवली, जणू खरंच अशा माणसांचं काय करावं. मी इतकी वर्षं या शहरात जगले, मेलेले उंदीर, तुंबलेली गटारं, उन्हात सडणारी माशांची आतडी, सगळं पाहिलं, पण खरी किळस आली ती त्या हसण्याची. आणि लगेच मला माझीही किळस आली. त्याला वाचवून मी कुणाचं भलं केलं होतं? त्याला मी लहानपणीही असंच झाकलं होतं, चादरी धुतल्या होत्या, वास लपवला होता, घरात काही झालंच नाही असं दाखवायला शिकवलं होतं. केरळात जन्मायची वाट त्याला मीच तर दाखवली होती, लवंगांच्या डब्यातून.

मग नेहमीचा खेळ झाला. शुकुरी त्यांना म्हणतो, झोपून बघा, आणि ते एकेक करून पलंगावर आडवे होतात, दुसरा फोटो काढतो. मुली झोपल्या आणि खिदळल्या. म्हातारा झोपला आणि त्याला उठवायला दोघं लागले. डोना झोपली तेव्हा पलंग कण्हला. ते उठले की उशी तशीच, डोक्याचा खळगा वर, क्रीमचा चट्टा वर. दर वेळी ते गेल्यावर मी अभ्रा बदलते. शेवटी ते रमीझला म्हणाले, रॅमी, तू. तो नको म्हणाला. त्यांनी त्याला ढकललं. तो बसला, मग भिंतीकडच्या बाजूला सरकला, आपोआप, मध्ये माझ्यापुरती जागा सोडून, आणि कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेतले. फोटो काढून झाला. ते दुसऱ्या खोलीकडे वळले, कारण शुकुरी होडीची वेळ सांगत होता. तो मात्र उठला नाही. कितीतरी वेळ, म्हणजे मी दहापर्यंत मोजलं असतं इतका वेळ, तो डोळे मिटून तसाच पडून राहिला. मी डोक्याशी भिंतीकडे बघत बसले होते. आमच्यात हातभर अंतर होतं. त्याच्या श्वासाचा आवाज मला येत होता, नाकात किंचित शीळ असलेला. आता बोलेल. आता ताई म्हणेल. मी माझा श्वास रोखला, वासासाठी नव्हे. बाहेरून डोनाने हाक मारली. तो उठला, उभा राहिला, आणि जाता जाता, मागे न बघता, डाव्या हाताने उशी उलटवून ठेवली.

त्याला कळलंही नसेल. हात आपला गेला. केरळातल्या माणसाला काय, ब्रिस्बेनच्या रॅमीला काय, उठताना उशी उलटवायची असते हे जगात कुठल्याच माणसाला ठाऊक नाही, या खोलीत वाढलेल्याखेरीज.

मी उठून बाहेर आले तेव्हा ते बूट घालत होते. डोनाच्या टोपीची फीत एका बाजूने उसवून लोंबत होती. मी ती तिच्या डोक्यावरून काढून घेतली आणि शुकुरीला म्हटलं, थांबव यांना, दोन टाके घालते. फडताळातून सुई आणली, सगळ्यात बारीक, आणि दाराच्या उजेडात, रमीझ जिथे उंबऱ्यावर बसून पहिला बूट चढवत होता त्याच्यासमोर उभी राहिले. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, पिळलं, आणि सावकाश, त्याला नीट दिसावं म्हणून अगदी सावकाश, पहिल्या झटक्यात सुईच्या नेढ्यातून काढलं. म्हातारा कौतुकाने काहीतरी म्हणाला. शुकुरीला स्फुरण चढलं. मावशीची नजर आता आपल्यापेक्षा चांगली, ऑपरेशन झालं, दोन्ही डोळे, आता गल्लीच्या टोकाचा माणूस ओळखते, असं तो त्यांच्या भाषेत सांगत असावा, कारण ऑपरेशन हा शब्द मला कळला आणि मी सुईवरून नजर उचलून सरळ माझ्या भावाच्या डोळ्यांत पाहिलं.

त्याचा हात कानाकडे गेला. फाटकी पाळी त्याने तळव्याने झाकली, लहान मूल मार चुकवताना कान झाकतं तशी. तोंड किंचित उघडलं होतं. मी फितीला टाके घालत राहिले, दोन पुरले असते तिथे पाच घातले. माझ्याकडून जेवढं करायचं होतं तेवढं मी केलं होतं. आता दार त्याच्या बाजूने होतं. पाचवा टाका झाला, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. डोनाने टोपी घातली आणि माझ्या दोन्ही गालांना गाल लावले, क्रीमचे. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं तर रमीझने चष्मा चढवला होता आणि तो गल्लीत उतरला होता. दोन मोटरसायकली मध्ये आल्या, एसीचं पाणी त्याच्या टोपीवर पडलं, आणि तो सगळ्यांच्या पुढे, बुटांचे बंद तसेच लोंबत ठेवून, वळणाकडे चालत राहिला. गल्ली कुठे वळते हे शुकुरीला त्याला सांगावं लागलं नाही.

मी दार लावून घेतलं. जोलीखाली कागदाची ती गोळी होती, ती उचलून कचऱ्यात टाकली आणि हात धुतले. कप गोळा करायचे होते, पण मी ते तसेच ठेवून आतल्या खोलीत गेले आणि पाय जमेल तेवढे भरभर टाकले, कारण उशीरच झाला होता. माझ्या झोपायच्या वेळेला तर अजून बराच अवकाश होता. उशी त्याने ठेवली तशी होती, गार, कोरडी बाजू वर, माझ्यासाठी. मी ती उलटी केली. खळगा अजून होता आणि हात ठेवून पाहिलं तर ऊबही होती, जेमतेम. क्रीमचा नारळी, चिकट, सडका गोड वास वर आला. मी पलंगाच्या काठावर, भिंतीकडची जागा मोकळी ठेवून, आडवी झाले आणि ती ऊब जायच्या आत त्या खळग्यात तोंड खुपसलं.